वर्गात पोरं बोलतच नाहीत. नववी-दहावीला शिकवणारे तुम्ही काय करता?

पांढरा_खडू
नमस्कार मंडळी. नागपुरात एका अनुदानित शाळेत इतिहास-राज्यशास्त्र शिकवते, शिवाय नववीच्या एका तुकडीला मराठी. सतरा वर्षं झाली. इथे आजवर नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

परवा दहावी 'ब'वर तास होता. पट 58, तासिका 35 मिनिटांची. शहरात अधिवेशनाची धामधूम, अर्धे रस्ते बंद, म्हटलं आज पुस्तक बाजूला ठेवू. विचारलं, "हे हिवाळी अधिवेशन नागपुरातच का भरतं?" वर्ग गप्प. मैदानावरची पीटीच्या सरांची शिट्टी तेवढी ऐकू येत होती. दोन हात वर आले, तेच दोन, पहिल्या बाकावरचे, जे जूनपासून वर आहेत. शेवटी मीच सांगून टाकलं: 1956 पर्यंत हे शहर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, ते पद गेलं, आणि 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे वर्षातून एक अधिवेशन इथे. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. संपलं.

मधल्या सुट्टीत नळाजवळून जात होते, तर हीच मंडळी भांडत होती. एकाचा काका मोर्चात आलेला, त्याला मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवलं. दुसरा म्हणे, दरवर्षी अडवतात तर येतात कशाला. तिसरी म्हणे, इथे नाही यायचं तर मुंबईला जायचं का, तिकिटाला पैसे कोण देणार? अहो, माझ्या प्रश्नाचं उत्तर तिसरीनं देऊन टाकलं होतं! मी जवळ गेले तशी सगळी चूप.

चिठ्ठ्या टाकून हजेरी क्रमांक काढून पाहिले. ज्याचा नंबर निघतो त्याचा चेहरा पाहवत नाही. चर्चेला गट केले तर गटात तोच पहिल्या बाकावरचा बोलतो. तुम्ही काय करता? 'सकारात्मक वातावरण निर्माण करा' हे प्रशिक्षणात ऐकलंय, ते सोडून सांगा.

तर्री_जास्त
ताई, मी क्लासेस घेतो, त्यामुळे माझं मत आवडणार नाही. डिसेंबर चालू आहे. पोर्शन संपवून उजळणी सुरू करायची वेळ. एकेका पोराला अर्धा मिनिट दिला तरी 58 पोरांची 29 मिनिटं होतात, हातात 35 आहेत. हजेरी घ्यायची, शिकवायचं केव्हा? चर्चा परदेशातल्या बारा पोरांच्या वर्गात होतात. बोर्डाच्या पेपरात बोलण्याला मार्क नाहीत.

निवृत्त_मास्तर
क्लासवाल्या भाऊंचा हिशेब बरोबर आहे, पण त्यावर पुढे येतो.

मॅडम, आधी एक विचारतो. प्रश्न टाकल्यावर तुम्ही किती वेळ थांबलात? मनातल्या मनात नाही, घड्याळावर. माझ्या नोकरीच्या विसाव्या वर्षी एक सहकारी माझ्या वर्गात मागे घड्याळ घेऊन बसला होता. मला वाटायचं मी दहा सेकंद तरी थांबतो. तो म्हणाला, सर, तुम्ही दोनपर्यंतही पोहोचत नाही.

यावर मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत काम केलं होतं. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, हे तिनं ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं. ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, कधी न बोलणारी पोरंही तोंड उघडतात. फक्त तीन! पण उभं राहून मोजून पाहा, तीन सेकंद फार मोठे असतात हो. मी खडू या हातातून त्या हातात घ्यायचो, तेवढंच निमित्त.

आणि एक दुसरं थांबणं असतं, ते कुणी करत नाही. पोरगं बोलून झाल्यावरचं. आपण लगेच 'शाब्बास, बस' म्हणतो. शाब्बास म्हटलं की विषय मिटला, बाकीच्या 57 जणांना कळतं की उत्तर सापडलं, आता डोकं चालवायचं कारण नाही. मी नुसती मान हलवून फळ्याकडे पाहत राहायचो. बहुतेक वेळा तेच पोरगं आणखी एक वाक्य बोलायचं, आणि ते दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा बरं असायचं.

मागचा_बाक
मी शिक्षक नाही. बुटीबोरीले कंपनीत आहो. पण या विषयावर मले बोलायचा हक्क आहे, आयडी पाहून घ्या.

आठवीत असताना भूगोलाच्या तासाले हात वर केला होता. आयुष्यातला पहिला. प्रश्न होता, विदर्भात कापूस काऊन होते. आमचं शेत आहे, बाप काळ्या मातीतच राबला, उत्तर पाठ नाही, माहीत होतं. उभा राहिलो न म्हटलं, "मले वाटते का..." बाई म्हणाल्या, "'मले' नाही, 'मला'. पुन्हा सांग." वर्ग हासला. मी म्हटलं, "मला वाटते का..." तं म्हणे, "'का' नाही, 'की'." तोपर्यंत कापूसच विसरून गेलो. खाली बसलो. दहावीपर्यंत पोट्टे मले 'मले-मला' म्हणून चिडवत होते. मग मी हात वर केलाच नाही, तीन वर्षं.

आज रोज सकाळी शिफ्टच्या आधी चाळीस लोकांपुढे सेफ्टीचं बोलतो. कोणी मात्रा-वेलांटी काढत नाही. बाई वाईट नव्हत्या, चांगलं शिकवत. त्याईले वाटलं असेल, पोट्ट्याची भाषा सुधरवून रायलो.

पांढरा_खडू
मागचा_बाक, तुमचा प्रतिसाद वाचून फोन खाली ठेवला आणि जरा वेळ तशीच बसले. कारण मी हे करते. रोज करते. कालच एका पोरीला 'येऊन राहिली होती' नाही, 'येत होती' म्हण, असं सांगितलंय. ती काय सांगत होती ते मला आता आठवत नाही.

पण खरी अडचणही सांगते. पेपर प्रमाण मराठीतच लिहायचा आहे. मी आज सोडून दिलं तर मार्चमध्ये मार्क कापले जातील तेव्हा जबाबदार कोण? माझ्याच वर्गात घरी वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगढी बोलणारी पोरं आहेत, त्यांना प्रमाण मराठी आणखी कुठे मिळणार?

गोंदण
मी हिंगण्याकडे मराठी शिकवते. याच खड्ड्यात पडून बाहेर आलेय, म्हणून सांगते. आधी मुद्दा, मग मात्रा.

पोरगं बोलत असताना मी त्याची भाषा अजिबात तोडत नाही. हिंदीत बोललं तरी चालेल. तो जे म्हणाला ते फळ्याच्या डाव्या बाजूला त्याच्याच शब्दांत लिहिते, 'मले', 'काऊन', सगळं. फळ्यावर आपलं वाक्य पाहून पोरं कशी ताठ होतात ते पाहा. तीन-चार मुद्दे जमले की उजवीकडे रकाना आखते, 'पेपरात कसं लिहाल?' आणि ते काम सगळा वर्ग मिळून करतो. मग 'मले'चं 'मला' होतं, पण ते त्या एका पोराचं चुकलेलं नसतं, सगळ्यांनी केलेलं भाषांतर असतं. वर कधीकधी वाद होतो, की डावीकडचाच शब्द जास्त बरोबर आहे. एकदा 'उमस'वरून तास गेला. 'दमट उकाडा' लिहून पाहिलं, वर्गाला पसंतच पडेना.

हसण्याचं मात्र पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं लागतं. मी कुणाला रागावत नाही. जो हसला त्याला म्हणते, आता तोच मुद्दा तू सांग. तो अडखळतो, मग हसू आपोआप बंद.

दहावीची_आई
शिक्षकांच्या धाग्यात आई घुसतेय, माफ करा. माझी मुलगी वर्गात एक शब्द बोलत नाही असं दर पालकसभेत ऐकते. आणि तीच मुलगी दर 14 एप्रिलला आमच्या वस्तीतल्या विहारात माईकवर दहा मिनिटं भाषण करते. सहावीत असल्यापासून. शाळेत सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही.

मी तिला विचारलं, इथं बोलतेस, तिथं का नाही? तर म्हणाली, "इथं चुकलं तरी आजी टाळ्या वाजवते."

पांढरा_खडू
ताई, हे वाचून मला माझ्याच वर्गातल्या दोघी-तिघी डोळ्यांपुढे आल्या. गणपतीत, पोळ्याला, विहारात, लग्नात पोरं बोलतात, नकला करतात, मारबतीच्या मिरवणुकीत घोषणा तर अशा रचतात की बस. आम्हाला मात्र ती मुकीच भेटतात.

कूलरचं_पाणी
विज्ञानवाल्यांकडून दोन पैसे. मी तोंडी हात वर करणंच बंद केलंय. माझ्याकडे पाट्या आहेत. हो, त्याच, पहिलीच्या पाटी-पेन्सिलवाल्या. घाऊक आणल्या, फुटतात त्यातल्या काही दरवर्षी, चालतंय.

गेल्या वर्षी वर्गाला विचारलं: आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशाला डेझर्ट कूलर खोली गार करतो. तोच कूलर उचलून मुंबईत नेला तर? अ) जास्त गार करेल, कारण तिथं तापमानच कमी आहे, ब) तेवढंच, क) जवळपास काहीच नाही. दोन मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही, पाटीवर एक अक्षर लिहायचं आणि एकदम पाटी वर करायची. निम्म्याहून जास्त 'अ'! मी काही बोललो नाही. म्हटलं, शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा. मग काय, गदारोळ. एक म्हणे, माझी मावशी ठाण्याला आहे, तिच्याकडे कूलर नाहीच, सरळ एसी आहे, म्हणजे काहीतरी भानगड आहे. दुसरा म्हणे, आपल्याकडे ओला टॉवेल दोरीवर अर्ध्या तासात वाळतो, पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. इथंच खरं तर शिकवून झालं, बाष्पीभवन आणि आर्द्रता दोन्ही. पुन्हा पाट्या वर केल्या, बहुतेक 'क'. मग मी पाच मिनिटं व्यवस्थित समजावलं, आणि त्या पाच मिनिटांत वर्ग जितका ऐकत होता तितका कधी ऐकत नाही, कारण प्रत्येकानं काहीतरी पणाला लावलेलं होतं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात कॉलेजच्या मोठमोठ्या वर्गांसाठी ती बसवली. त्यांचा एक ठोकताळा कामाचा आहे: पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तरच आपसात बोलू द्या. त्याहून कमी असतील तर आधी पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. प्रश्न फार सोपा असला की पोरं सिनेमाच्या गप्पा मारतात, हा माझा अनुभव.

आणि तर्री_जास्त भाऊ, तुमच्या 29 मिनिटांचं उत्तर यातच आहे. जोडीत बोलायला लावलं की एकाच वेळी 29 जण बोलत असतात. दोन मिनिटांत सगळा वर्ग बोलून मोकळा.

तर्री_जास्त
कूलरचा प्रश्न उद्या माझ्या बॅचला विचारतो, खरं सांगतो. पाट्यांचंही पटलं. पण विज्ञानात उत्तर एक असते. राज्यशास्त्रात 'तुमचे मत लिहा' असते, तिथं पोट्टे गाइडमधलं मत लिहितात.

पांढरा_खडू
दहा दिवसांनी परत आले. प्रगतिपुस्तक सांगते, आधी नापासाचं.

कुठेतरी वाचलं होतं की प्रत्येकाला ठरावीक नाणी द्यायची, बोललं की एक नाणं मध्ये टाकायचं, म्हणजे बोलकी पोरं आवरतात आणि गप्प पोरांची पाळी येते. मी चिंचोके आणले. सहा-सहाचे गट, प्रत्येकाला दोन चिंचोके. विषय, शाळेत मोबाइल आणू द्यावा का. पाच मिनिटांत पहिल्या बाकावरच्या पोरानं शेजारच्या दोघांचे चिंचोके विकत घेतले. एका चॉकलेटला दोन! विकणारे खूश, बोलायची कटकट गेली. मागच्या एका गटात चिंचोक्यांचा सारीपाट सुरू झाला. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारात. "मॅडम, तुमचा तास आहे ना?" एवढंच म्हणाले. मला घाम फुटला, डिसेंबरमध्ये.

थांबण्याचं मात्र जमतंय. पहिल्या दिवशी तीन सेकंद मोजताना मलाच कसंतरी झालं, पोरंही एकमेकांकडे पाहू लागली, मॅडम विसरल्या की काय. चौथ्या दिवशी एका मुलीनं बसल्या जागी, हात वर न करता, पुटपुटत उत्तर दिलं. पूर्वी म्हटलं असतं, उभी राहून मोठ्यानं सांग. या वेळी नुसती तिच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले आणि तिचंच वाक्य फळ्यावर लिहिलं. गोंदण, तुमचा डावा रकाना.

निवृत्त_मास्तर
चिंचोके विकले! हा पोरगा पुढे जाणार. रागावू नका त्याला.

विधानभवन_रोड
पत्रकार होतो, बरीच अधिवेशनं पाहिलीत. एक सुचवू? सभागृहात प्रश्नोत्तराच्या तासाला तारांकित प्रश्न असतात. आमदारानं प्रश्न आधी लेखी दिलेला असतो, मंत्री तोंडी उत्तर देतात, आणि मग खरी मजा, पुरवणी प्रश्न. अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर.

वर्गात नेमकं उलटं चालतं. प्रश्न शिक्षकाचा, उत्तर पोराचं, आणि पोरावर अचानक येऊन आदळलेलं. पोरांनाच प्रश्न लिहू द्या की. एक डबा ठेवा, नाव लिहायची सक्ती नको. तुम्ही त्यातले दोन-तीन निवडून त्यावर तारा काढा, एका गटाला आदल्या दिवशी द्या, त्यांनी घरी विचारून, शोधून यावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी 'मंत्री' म्हणून उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी पुरवणी विचारायचे. उत्तर देणाऱ्याची तयारी असते, म्हणून भीती कमी. विहारात बोलणाऱ्या मुलीचीही तयारीच असते ना. आणि ज्याला तोंडानं बोलवत नाही त्याचा कागद डब्यात पडतो. तुमच्या राज्यशास्त्राचा धडाही शिकवून होतो, फुकटात.

साधाच_माणूस
विधानभवन_रोड यांच्या 'ज्याला बोलवत नाही' याला +1. मी लहानपणी अडखळत बोलायचो. माझ्यासाठी एका सरांनी आदल्या दिवशी हळूच सांगायचं ठरवलं होतं, उद्या तुला तिसरा परिच्छेद विचारीन. वर्गाला कधी कळलं नाही. एवढंच.

पांढरा_खडू
डबा ठेवला. रिकामा चॉकलेटचा, चिंचोके प्रकरणातला जप्त केलेला. पहिल्या दिवशी तीन चिठ्ठ्या, त्यातली एक 'मॅडम उद्या ऑफ तास द्या'. तिसऱ्या दिवशी एकोणीस.

'सामाजिक व राजकीय चळवळी' हा धडा सुरू आहे, त्यात पर्यावरण चळवळ येते. एक चिठ्ठी अशी होती, जशीच्या तशी देते: "मॅडम नाग नदीले नाला पहिले कोन म्हनलं?" अक्षर ओळखू आलं. मागचा बाक, खिडकीकडचा, जूनपासून हजेरीशिवाय एक शब्द नाही. मी ती चिठ्ठी कुणाची ते न सांगता मोठ्यानं वाचली, न सुधारता. आणि थांबले. तीन नाही, चांगले सात-आठ सेकंद.

मग सुरू झालं. एक म्हणाली, शहराचं नावच या नदीवरून पडलं म्हणतात, आणि आपण तिला नाला म्हणतो. एकाच्या घरात 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिल्यावर पाणी शिरलं होतं, फ्रिज तरंगत होता. तो म्हणाला, त्या रात्री कळलं मॅडम, ती नदी आहे. दुसऱ्यानं त्याला अडवलं, नाल्यालाही पूर येतो. मग नदी आणि नाल्यात फरक काय, सरकारी कागदावर काय लिहिलंय, नाव नदी ठेवलं तर साफ करावी लागेल म्हणून नाला म्हणतात का, इथपर्यंत गेलं. मी एकदाच बोलले. दोघं एकदम बोलत होते तेव्हा.

मुख्याध्यापक परत दारात आले. या वेळी आत येऊन मागच्या बाकावर बसले, घंटा होईपर्यंत. बाहेर पडताना म्हणाले, "आवाज जरा जास्त होता." हे कौतुक होतं की समज, अजून ठरलेलं नाही.

खिडकीकडचा पोरगा? नाही बोलला. पण चर्चाभर मान वर होती.

तर्री_जास्त
मानलं. पण मुख्य प्रश्न राहतोच. मार्क कुठाय याला?

निवृत्त_मास्तर
आहेत की. दहावीला भाषेत लेखी 80 आणि अंतर्गत 20, त्यात श्रवण-भाषण येतं. पण आपण ते 20 कसे देतो हे आपल्यालाच माहीत. 2019 साली भाषांचे ते गुण काढले, राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी गुण परत आले. तेव्हा कुणी विचारलं का, की या 20 गुणांपायी पोरं वर्षभर किती बोलली? मी स्वतः डिसेंबरात एका दुपारी साठ पोरांच्या तोंडी परीक्षा उरकल्यात. 'स्वतःविषयी पाच वाक्यं सांग.' सगळ्यांना 17 किंवा 18. सांगायला लाज वाटते, पण वाटलेत.

गोंदण
मास्तर, म्हणून तर मला बोलण्याला मार्क नकोच वाटतात. मार्क आले की चिंचोक्यांचा बाजार मोठा होईल.

कूलरचं_पाणी
असहमत. मार्क नसतील तर जानेवारीत पहिला बळी या तासाचाच जाईल. पाहा तुम्ही.

मागचा_बाक
मार्काचं तुम्ही पाहून घ्या. ताई, त्या खिडकीवाल्या पोट्ट्याच्या चिठ्ठीवर तारा काढला का?

पांढरा_खडू
काढला. उद्या दुसऱ्या तासाला आहे. मंत्रिगटात चौघं आहेत, त्यानं स्वतःहून नाव दिलं, चौथं. नाग नदीचा नकाशा काढायचं काम घेतलंय, लाव्हा गावाच्या टेकड्यांपासून कन्हान नदीपर्यंत. बोलणार की नुसता नकाशा धरून उभा राहणार, ते माहीत नाही. सुट्टीत नळापाशी तयारी चालू होती. मी जवळ गेले तर म्हणे, "मॅडम, तुम्ही उद्या या."